धुराच्या वाट्याची ऊब

आमच्या कौलांच्या कारखान्याच्या चिमणीतून जे बाहेर जातं ते सगळं फुकट जातं, असं घरात सर्वांचं मत होतं. मला विचाराल तर त्या आवारातून बाहेर जाणारं तेवढं एकच होतं.

कारखाना माझ्या सासऱ्यांचा, रत्नागिरीच्या खाडीकाठी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कातळाचा सडा चढत गेलेला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माती मळायची जागा, कौलं वाळवायच्या पडव्या, भट्टी, चिमणी आणि भट्टीच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. माती मचव्यातून येई, सरपण मचव्यातून येई, भाजलेली कौलं मचव्यातून जात. माणसांनी तिथून कुठे जायचं काही कारण नव्हतं, निदान सुनांनी तरी.

मी पुण्याची. बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि लग्न ठरलं. मुलगा मुंबईला गिरणीच्या बॉयलरखान्यात होता, म्हणजे राहायचं मुंबईला, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. पण अक्षता पडतात न पडतात तोच मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी मुलाला कारखान्यावर बोलावून घेतलं. तेव्हा यांनी माझ्या वडिलांना शब्द दिला, की वर्षभर तिला रत्नागिरीला राहू द्या, जरा बस्तान बसलं की राहिलेलं शिक्षण पुरं करायला मी स्वतः तिला पुण्याला पाठवीन. हा शब्द त्यांनी पान खाता खाता दिला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मी तशी रागीट. पण सासूबाई हयात नव्हत्या आणि स्वयंपाकघरात एक लांबच्या आत्या होत्या, त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे रागवायचं तरी कोणावर हा प्रश्न असे. मी राग गिळत असे. सकाळी उठले की मागच्या दारातून पहिली दिसायची ती चिमणी, आणि तिच्या तोंडातून मजेत निघून चाललेला धूर. मला त्या धुराचा हेवा वाटायचा.

यांनाही तो धूर दिसे, पण वेगळ्या डोळ्यांनी. मुंबईत त्यांनी बॉयलरच्या पोटात आयुष्याची चांगली वर्षं घालवली होती. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "अगो, भट्टीतली निम्मी आग कौलांना लागते नि निम्मी चिमणीवाटे आभाळाला जाते. आभाळाला काय थंडी वाजत्येय?"

"मग काय, तिला पदरात धरायची?" मी म्हटलं.

"बॉयलरात धरायची. पाण्याची वाफ होईल, वाफेवर इंजिन फिरेल, इंजिनावर डायनामो. जळण एक काटकी जास्त नाही नि कारखान्यात विजेचे दिवे. फुकट!"

तेव्हा रत्नागिरीत वीज नव्हती. कंदील होते, समया होत्या, आणि वीज म्हणजे मुंबईहून आलेल्या माणसाने सांगायची गोष्ट. मामंजींना बाकीचं काही कळलं नाही, पण "फुकट" हा शब्द त्यांना नीट ऐकू आला. त्यांनी ताबडतोब परवानगी दिली. यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "दिवा लागला की तू पुण्याला. मग माझंही मन मोकळं." म्हणजे वर्षाची मुदत गेली आणि दिव्याची आली. मी तीही पत्करली, कारण दिवा लागणं मला वर्षापेक्षा जवळचं वाटलं.

बंदरात वाफेची एक जुनी लाँच मोडीत निघाली होती. तिचा बॉयलर आणि इंजिन यांनी घेतलं, डायनामो मुंबईहून बोटीने आला. बॉयलर तपासणारे साहेब येऊन त्याला हातोडीने ठोकून पसंत करून गेले. मग भट्टीतून चिमणीकडे जाणारा धुराचा बोगदा फोडून त्याच्या वाटेतच बॉयलर बसवला. धूर चिमणीला पोचण्याआधी त्याला बॉयलरच्या नळ्यांमधून जायचं होतं, आणि जाता जाता अंगातली ऊब तिथे ठेवून जायची होती.

भट्टी लावली. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग भट्टीच्या तोंडातून, विटांच्या फटींतून, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून धूर येऊ लागला. चिमणीच्या तोंडाशी मात्र नावालाही नाही. अंगण, पडव्या, घर सगळं भरून गेलं. माणसं खोकत खाडीकडे पळाली. कौलं वाहणारी एक म्हातारी बाई होती, ती पदराने नाक धरून मला म्हणाली, "वैनी, धूर हितंच बसलाय बगा. वर जायाचा जीवच ऱ्हायला नाय त्यात."

भट्टी थंड झाल्यावर कौलं काढली तर ती फिकट. चांगलं भाजलेलं कौल बोटाने ठोकलं की खणखणीत वाजतं, ही बदबद वाजली. सगळा घाणा कच्चा. मामंजी प्रत्येक कौल ठोकून बघत राहिले. ते ऐकण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

यांना चूक कळायला वेळ लागला नाही. रात्री अंगणात कोळशाने फरशीवर आकृती काढून त्यांनी मला सांगितलं, आणि मला ते लख्ख समजलं. धूर चिमणीतून वर जातो तो आपल्या अंगच्या उबेवर. तो वर जातो म्हणून मागे पोकळी होते, म्हणून भट्टीत वारा ओढला जातो, म्हणून आग पेटते. आम्ही त्याची सगळी ऊब काढून घेतली, तेव्हा त्याच्यात निघून जायचं बळच उरलं नाही. आम्ही जिला फुकट गेलेली म्हणत होतो तीच त्याची वाटखर्ची होती.

"आपण हावरटपणा केला," हे म्हणाले. "आधी धुराला त्याचं द्यायला हवं. मग उरेल ते आपलं."

त्यांनी बोगद्याला दुसरी वाट काढली आणि तिच्यात एक लोखंडी पडदा बसवला. तो साखळीने वर-खाली करता येई. पडदा अर्धा उघडा ठेवला की निम्मा गरम धूर सरळ चिमणीला जाई, बाकीचा बॉयलरमधून. वाफ कमी झाली, पण भट्टी ओढू लागली. पुढच्या घाण्याची कौलं खणखणीत वाजली आणि त्याच संध्याकाळी पडवीत दिवा लागला.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. काचेच्या फुग्यातली ती लालसर तार आधी थरथरली आणि मग स्थिर झाली. म्हातारी बाई लांबूनच नमस्कार करून गेली. यांचा चेहरा इतका आनंदी मी लग्नातही पाहिला नव्हता. मी मनात ट्रंक भरायला घेतली.

पण बॉयलरची एक खोड असते. त्याच्या अंगावर काचेची एक उभी नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. ती पातळी खुणेच्या खाली गेली तर आतले पत्रे तापून बॉयलर फुटतो. म्हणून कोणीतरी त्या नळीसमोर बसायचं, आणि पाणी उतरायला लागलं की हातपंप मारायचा. दिवेलागणीला मजूर तरीत बसून पलीकडच्या गावी जात. हे भट्टीच्या तोंडाशी. मामंजींचे गुडघे. आत्यांना डोळ्यांनीही कमीच. उरलं कोण?

"घरचंच माणूस हवं," मामंजी म्हणाले. "बाहेरच्याचा भरवसा नाही. नि सूनबाई शिकलेली आहे."

मी शिकले होते ते बॉयलरसमोर बसायला, हे मला तेव्हा कळलं. चिमणीची ऊब फुकट, तशी सूनही फुकट. दोघींचं जे काही इकडेतिकडे वाया जात होतं ते आता कामी लागलं.

ते बसणं सांगून कळायचं नाही. पत्र्याची बुटकी खोपी, पाठीमागे भट्टीची भिंत, पुढे बॉयलर, दोहोंमध्ये माझं स्टूल. घाम निथळून पातळ अंगाला चिकटे. वाचायला घ्यावं तर नजर नळीवरून हलवायची नाही. विणायला घ्यावं तर बोटं घामाने ओली. नळीतलं पाणी तसूभर वर, तसूभर खाली, आणि मी त्याच्याकडे बघत. ते पाणी काचेत आणि मी पत्र्यात. पलीकडे घरात माझ्याच दिव्याखाली मामंजी पेपर वाचत आणि आल्यागेल्याला सांगत, "बघा, काही करावं लागत नाही. आपोआप लागतो."

तरी मी दिवस काढत होते, कारण कॉलेज जूनमध्ये उघडायचं होतं आणि यांना शब्द आठवत होता. "शिमगा होऊ दे," ते म्हणाले. "मग मी माणूस तयार करतो नि तुला पोचवतो."

शिमगा झाला, आणि तिथेच सगळं फसलं.

आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी निघते आणि होळीच्या माळावर तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, सहाणेवर, येऊन बसते. सहाण आमच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मामंजींना हौस आली, की यंदा पालखीवर विजेचा दिवा. यांनी खांब रोवून तार नेली. सगळा गाव लोटला होता. मी खोपीत पंप मारत होते, त्यामुळे मी ते पाहिलं नाही, फक्त ऐकलं. ढोल थांबले. दिवा लागला तशी लोकांतून एक आरोळी उठली. मग गुरव पालखीपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालू लागला. गाऱ्हाण्यात जे बोललं जातं ते गावाने देवासमोर बोललेलं असतं, लोकांनी त्यावर "व्हय म्हाराजा" म्हटलं की संपलं, मग माघार नाही. मामंजी त्याच्या कानाशी लागलेले असणार, कारण त्याचा खणखणीत आवाज मला खोपीत ऐकू आला:

"बा देवा म्हाराजा! आज तुजी पालखी सानेवर इराजमान झाली हाय. ह्या तुज्या लेकरानं इजेचा दिवा तुज्या पायाशी लावलान हाय. पालखी देवळात जाईल थितं ह्यो दिवा पन तुज्यासंगती येईल, नि रोज सांजचा लागल्याबिगर ऱ्हानार नाय, असा सबूद त्येनं दिलान हाय. त्येच्या घरादाराला सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ गरजला.

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. शब्द मामंजींचा, पुण्य मामंजींचं, आणि रोजची संध्याकाळ माझी. मी पंपाची दांडी सोडली आणि तिथेच जमिनीवर बसले. पान खाताना दिलेला शब्द माझ्या वाट्याला आला होता आणि देवासमोर दिलेला दिव्याच्या.

त्यानंतरची तऱ्हा बघा. तार माळावरून पुढे देवळापर्यंत गेली. भट्टी काही रोज पेटत नाही. घाणा भाजून झाला की ती निवू द्यायची, कौलं काढायची, नवी रचायची. आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत तर कारखाना बंदच, कारण ओल्या हवेत कौल वाळतच नाही. पण देवाला रोज सांजचा दिवा कबूल केलेला. मग भट्टी रिकामी असली तरी तिच्या एका कोपऱ्यात लाकडं पेटवायची, तो धूर बॉयलरमधून न्यायचा आणि देवळातला तेवढा एक दिवा लावायचा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आधी आम्ही आगीतलं उरलंसुरलं घेऊन दिवा लावत होतो. आता दिव्यासाठी आग लावत होतो. सरपणाची गंजी डोळ्यांदेखत उतरू लागली. आणि भट्टीत थोडकीच आग म्हणून पडदाही पूर्ण बंद, सगळा धूर बॉयलरला. तो गार धूर चिमणीतून कसाबसा बाहेर पडे आणि पावसात तिच्या गळ्याशीच लोंबकळत राही.

जून आला. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद होतात, तेव्हा रत्नागिरीहून बाहेर पडायचं तर सर्व्हिस मोटारीने घाट चढून कोल्हापूर गाठायचं. मी ट्रंक काढली. हे दारात उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "एवढा पावसाळा थांब."

मी ट्रंक परत माळ्यावर टाकली, ती इतक्या जोरात की आत्यांनाही ऐकू गेलं.

आषाढातली एक संध्याकाळ. ओली लाकडं नुसती धुमसत होती, खोपीत धूर कोंडला होता, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुराचंच होतं असं मी म्हणणार नाही. हे साखळी धरून वर-खाली करत होते. पडदा उघडला की धूर निघून जाई, पण वाफ पडे. बंद केला की वाफ चढे, पण धूर घरात येई. वैतागून म्हणाले, "ह्याला थोडं तरी सोडायला हवं गो. नाहीतर हा जायचा कसा?"

मी स्टुलावरून उठले. नळीकडे पाठ करून उभी राहिले. त्या खोपीत मी नळीकडे पाठ केल्याची ती पहिलीच वेळ.

"चिमणीतल्या धुराला निघून जायला ऊब लागते, हे तुम्हाला एका घाण्यात समजलं," मी म्हटलं. "त्याच्यासाठी तुम्ही भिंत फोडलीत, वाट काढलीत, निम्मी वाफ सोडून दिलीत. माझ्यासाठी काय सोडलंत? माझं शिक्षण फुकट जात होतं म्हणून घेतलंत, संध्याकाळ फुकट जात होती म्हणून घेतलीत, आता माझ्यात रागसुद्धा उरत नाही. मला भीती वाटते हो. अजून एक वर्ष इथे बसले तर तुम्ही दार उघडाल आणि मलाच जावंसं वाटणार नाही."

त्यांनी हातातली साखळी सोडली. मग त्यांनी मला बाजूला करून नळी पाहिली, पंप मारला, आणि म्हणाले, "चल."

मामंजी दिव्याखाली नव्हतेच, त्या दिवसांत घरात कंदील असे, वीज फक्त देवाला. यांनी त्यांना सांगितलं, ही जाणार. मामंजी संतापले. "नि देवाला दिलेला शब्द?"

"शब्द तुमचा आहे, मामंजी," मी म्हटलं. "स्टूल रिकामं आहे."

हट्टी माणूस. तपकिरीची डबी घेऊन, एक-एक गुडघा धरत, खरंच जाऊन बसले. मी दारातून बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. सदरा घामाने भिजलेला, नजर नळीला खिळलेली.

"सूनबाई, हे पाणी हलत का नाही गो?"

"हललं की पंप मारायचा, मामंजी."

"नि नाही हललं तर?"

"तर बघत बसायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मान नळीकडे वळवली आणि म्हणाले, "रोज?"

"रोज," मी म्हटलं. मला त्यांची दया आली आणि तिचा रागही आला.

त्या आठवड्यातच त्यांनी गुरवाला बोलावणं धाडलं. देवळात मंडळी जमली. गुरव मोठा हुशार माणूस, गावाच्या अडचणी देवाच्या गळ्यात कशा घालायच्या ते त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं ठाऊक. म्हणाला, "बा देवा म्हाराजा! तू हायेस जुन्या वळनाचा. ह्या काचंच्या दिव्यानं तुज्या डोळ्याला तरास व्हतोय ह्ये आमाला उमाजलं. तर तुला तुजी त्येलाची समयच बरी. लेकराचा सबूद तुज्या सुखासाटी व्हता, तुज्या सुखासाटीच तो माघारी घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुषांच्या मागे उभ्या असलेल्या बायकांतून एक आवाज जरा जास्तच मोठा निघाला. लोकांनी वळून पाहिलं. मी पदर सावरला.

श्रावणात मी निघाले. हे मोटारीपर्यंत पोचवायला आले. पत्र लिही, जपून राहा, असलं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "दसऱ्याला भट्टी लागेल तेव्हा पडदा अर्धा उघडाच ठेवीन. फक्त पडवीपुरते दिवे. तेही भट्टी पेटलेली असेल तेवढेच दिवस." यापेक्षा गोड ते कधी बोलले नाहीत. मोटार पाली गावाच्या रस्त्याला वळेपर्यंत मी मागे वळून बघत होते. चिमणी कोरडी उभी होती, तिच्यातून काहीच निघत नव्हतं. साखरप्याच्या पुढे घाट लागला आणि धुक्यात मागचं सगळं पुसून गेलं. तेव्हा कुठे मी मोठ्याने श्वास सोडला.

कॉलेजात उशिरा आले म्हणून बोलणी खाल्ली, पण घेतलं. वसतिगृहात विजेचे दिवे होते. भिंतीवर बटण, दाबलं की लख्ख. मुली दिवे तसेच ठेवून जेवायला जात, गप्पा मारायला दुसऱ्या खोलीत जात. मी खोलीखोलीतून बटणं बंद करत फिरे. त्या मला हसत. "कोकणात गेली आणि चिकटपणा घेऊन आली," म्हणत. मी त्यांना काही सांगितलं नाही. पुण्याची वीज कुठून येते, तिच्या मागे कसलं यंत्र आहे, मला ठाऊक नव्हतं. पण ती आपोआप येते, असं मला आता कोणी पटवू शकत नव्हतं. वाचन संपलं की मी बटण दाबून दिवा घालवी आणि अंधारात जराशी थांबे, म्हणजे तिकडे जे कोणी बसलं असेल त्याला उठता यावं.